पाण्यात उभी राहून सुकलेली कपाशी : आकस्मिक मरीचे एक प्रकरण

हे शेत परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातले, दोन एकरांचे. जमीन खोल काळी, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडणारी. जूनच्या मध्यावर चार बाय दीड फुटांवर बीटी कपाशी लावलेली. सप्टेंबर उजाडला तेव्हा झाडे कंबरेच्या वर गेली होती, पाते, फुले आणि पोसणारी बोंडे एकाच वेळी अंगावर होती. ऑगस्टमध्ये पावसाने जवळपास तीन आठवडे दडी मारली, तरी खोल जमिनीतल्या ओलीवर पीक तगले. मग सलग दोन रात्री दणकून पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळे झाले आणि कडक ऊन पडले.

त्याच दुपारी शेतकऱ्याचा फोन आला. मी कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. या भागातले शेतकरी पिकात काही वेगळे दिसले की बोलावतात. मी पोचलो तेव्हा उताराकडच्या, बांधालगतच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, अजून पाणी उभे होते. तिथली बरीच झाडे उकडलेल्या भाजीसारखी मान टाकून उभी होती. पाने हिरवीच होती, फक्त ताठपणा गेला होता. शेतकरी म्हणाला, “सर, पाण्यात पाय ठेवून उभी हाय आन् सुकून चाललीय. हे कसं?”

या प्रकरणाचा सगळा अभ्यास या एका प्रश्नात आहे. झाड सुकले म्हणजे त्याला पाणी कमी पडले, हे खरेच आहे. इथेही पाणी कमीच पडले होते. ते जमिनीत भरपूर होते आणि पानात नव्हते. मधल्या वाटेवर ते कुठे अडले, एवढे शोधायचे होते.

शेतकऱ्याने तोवर दोन जणांचा सल्ला घेतला होता. एकाने हा मर रोग आहे असे सांगून बुरशीनाशक ओतायला सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे, तीन आठवडे झाड तहानलेले होते, आता जोमात आले आहे, आणखी पाणी दे. दुसरा सल्ला ऐकून मला खरोखर धास्ती वाटली, कारण विहीर जवळ होती आणि मोटार सुरू करायला एक बटण पुरले असते.

आधी रोगाची शक्यता तपासली. सुकलेल्या झाडाचे खोड बुडापासून उभे चिरले. फ्युझेरियमची मर असती तर आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या असत्या, कारण ती बुरशी पाण्याच्या नळ्यांतच वाढते. इथे लाकूड स्वच्छ पांढरे होते. झाड उपटून पाहिले. मूळकुजीत झाड सहज हातात येते आणि मुळाची साल चिंध्यांसारखी सुटते. हे झाड मातीत घट्ट होते, साल शाबूत होती. शिवाय रोग असा एका दुपारीत शेतभर पसरत नाही. सकाळी नऊला ताठ असलेली झाडे दोनला माना टाकतात, हा वेग बुरशीचा नाही. मुळाशेजारी फावड्याने खड्डा घेतला तर वीतभर खोलीवरच कडेने पाणी झिरपून आत आले. मातीचा लगदा झाला होता, ढेकळांमधल्या हवेच्या जागा पूर्ण भरल्या होत्या. वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, तर फार दूरची गोष्ट.

मग दोन साध्या चाचण्या केल्या. माझ्या मते कुठल्याही शेतकऱ्याला त्या बांधावर करता येतील.

पहिलीसाठी सुकलेल्या झाडाची एक फांदी वाकवून तिचे बूड बादलीतल्या पाण्यात बुडवले आणि पाण्याखालीच कापले. पाण्याखाली कापणे महत्त्वाचे, कारण ताणलेली नळी हवेत कापली की आत हवा ओढली जाते. ती बादली झाडाजवळच, त्याच उन्हात ठेवली. दुसरीसाठी, तशाच एका सुकलेल्या झाडावर चार काठ्या रोवून गोणपाटाची सावली केली. त्याला ना पाणी दिले, ना औषध.

तासा-दीड तासात बादलीतल्या फांदीची कोवळी पाने वर आली. संध्याकाळपर्यंत ती जवळजवळ पूर्ववत झाली. सावलीतल्या झाडानेही मान उचलली, पण अर्धवट. उन्हातली झाडे होती तशीच राहिली. या दोन गोष्टींतून दोष कुठे नाही हे कळले. फांदीतल्या नळ्या बंद नव्हत्या, पाने मेली नव्हती. मुळाला वगळून पाणी थेट खोडात मिळाले की झाड सावरत होते. आणि मुळाला धरूनही, पानांची मागणी कमी केली की थोडे सावरत होते. म्हणजे अडचण मुळाच्या दारात होती आणि उन्हाने ती उघडी पाडली होती. यालाच आकस्मिक मर म्हणतात.

इथे झाडात पाणी वर कसे चढते याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याशिवाय हे शेत समजत नाही.

झाड पाणी वर ढकलत नाही, ते वरून ओढले जाते. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ बाहेर पडते, त्या जागी पेशींच्या भिंतींतले पाणी पुढे सरकते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने हा ताण पानापासून मुळापर्यंत अखंड पोचतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये ही मांडणी केली. त्याच्या काही वर्षे आधी, १८९१ मध्ये, जर्मनीत एडवर्ड स्ट्रासबर्गर यांनी वीस मीटरहून उंच ओकचे झाड बुडाशी कापून विषारी द्रावणात उभे केले होते. द्रावणाने वाटेतल्या जिवंत पेशी मारल्या, तरी ते वर चढत राहिले. म्हणजे खोडातली नळी मेलेली असली तरी चालते. खरे तर जलवाहिनीच्या पेशी मेल्याशिवाय नळी तयारच होत नाही. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२० च्या दशकात वेगळे मत मांडले होते. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करून पाणी वर पोचवतात, असे त्यांचे म्हणणे होते. खोडाच्या बाबतीत पुरावा डिक्सन-जोली यांच्या बाजूने गेला. पण पाण्याच्या वाटेवर जिवंत पेशींना काहीच काम नाही, असे समजणेही तितकेच चुकीचे आहे, आणि हे कपाशीचे शेत त्याचा दाखला आहे.

ते काम मुळात असते. मातीतले पाणी मुळाच्या सालीतून आत येते, पण मधल्या नळ्यांपर्यंत पोचण्याआधी त्याला अंतस्त्वचेचा एक थर ओलांडावा लागतो. त्या थरातल्या पेशींच्या भिंतींमध्ये कॅस्पेरियन पट्टी असते. तिच्यातून पाणी जवळजवळ जात नाही. मग पेशीच्या पटलातून, म्हणजे जिवंत पेशीच्या आतून जाण्यावाचून इलाज नसतो. त्या पटलात ॲक्वापोरिन नावाची प्रथिने असतात, पाण्याचा एकेक रेणू पार करणारी छिद्रे म्हणा. पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये हे प्रथिन पाण्याची वाट आहे हे दाखवले आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या संशोधकांनी, मुळांचा प्राणवायू तुटला की ही छिद्रे बंद होतात, हे सिद्ध केले.

ती बंद कशी होतात, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. मूळ श्वास घेते. प्राणवायू असेल तर एका ग्लुकोजच्या रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, साधारण ३० ते ३२ रेणू मिळतात. तो नसेल तर फक्त २. मूळ मग आंबवण्याच्या मार्गाने कशीबशी ऊर्जा काढते, त्यात पेशीच्या आतला द्रव आम्लधर्मी होतो. ॲक्वापोरिनच्या आतल्या बाजूला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची एक जागा आम्लता ओळखते, आणि प्रथिनाचा एक पदर वळून छिद्र झाकतो. हे सगळे फार लवकर घडते. मूळ मरायला दिवस लागतात, पण दार त्याच्या कितीतरी आधी लागते. म्हणून आम्ही उपटलेले मूळ शाबूत दिसले. ते मेले नव्हते, मिटले होते.

याला आणखी एक जुना आधार आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे पॉल क्रेमर यांनी १९३३ मध्ये दाखवले की मारून टाकलेल्या मुळांतूनही झाडाच्या शेंड्याला काही काळ पाणी मिळते, आणि वाटेतला अडथळा जिवंत मुळापेक्षा कमी असतो. पाण्याखाली बुडालेल्या तंबाखूच्या शेतात उन्हाने पाने माना टाकतात, ही गोष्ट तिकडच्या शेतकऱ्यांना माहीत होतीच. पाणी सोडण्याचा आणि अडवण्याचा अधिकार जिवंत मुळाकडे असतो, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

आता हे मानवतच्या काळ्या जमिनीत बसवून पाहू. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की वरून नवा प्राणवायू जवळजवळ येत नाही. आत उरलेला मुळे आणि जिवाणू मिळून संपवतात, आणि सप्टेंबरच्या उबदार जमिनीत हे एखाद-दोन दिवसांतच होते. काळ्या मातीतली चिकणमाती भिजली की फुगते. खंडाच्या काळात पडलेल्या भेगांतून पहिले पाणी सरसर खाली गेले असणार, मग भेगा मिटल्या आणि निचरा जवळपास थांबला. भातपीक अशा जमिनीत आनंदाने उभे राहते, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ वाटा असतात. कपाशीकडे तशी सोय नाही.

दोन रात्री पाणी साचूनही पावसाच्या दिवशी एकही झाड सुकले नव्हते, हे शेतकऱ्याने स्वतः सांगितले. आभाळ होते, हवा दमट होती, पानांतून वाफ फारशी जात नव्हती. दार अर्धे मिटले तरी तेवढ्या मागणीला ते पुरले. तिसऱ्या दिवशी हिशोब बदलला. भरलेल्या कपाशीच्या शेतातून उघडिपीच्या दिवशी ४ ते ५ मिलिमीटर पाणी हवेत जाते असे धरले तर एकरी १६ ते २० हजार लिटर होतात. चार बाय दीडवर एकरात सुमारे ७,२६० झाडे बसतात, म्हणजे झाडामागे सव्वादोन ते पावणेतीन लिटर. तेही मुख्यतः दुपारच्या चार-पाच तासांत. निरोगी कपाशीच्या पानात अशा वेळी पाण्यावरचा ताण १५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास पोचतो. झाडाची उंची या ताणाला कारण नाही. पाणी एक मीटर वर उचलायला जेमतेम एक दशांश बार पुरतो. उरलेला सगळा ताण वाटेतले अडथळे पार करण्यासाठी असतो, आणि त्यातला मोठा वाटा मुळाचा. तोच अडथळा मूळ मिटल्याने वाढला की पानातला ताण पेशींच्या आवाक्याबाहेर जातो आणि झाड मान टाकते.

आधीच्या खंडाने हे आणखी बिघडवले, असे माझे मत आहे. वरचा थर कोरडा पडत गेला की बारीक मुळांचा जोर खालच्या ओलीकडे जातो. पाऊस आला तेव्हा झाडाची कामाची मुळे नेमकी सर्वात कमी हवेच्या थरात होती. शिवाय बोंडे पोसण्याच्या काळात पानांनी बनवलेली साखर बोंडांकडे ओढली जाते आणि मुळांच्या वाट्याला कमी येते. प्राणवायू नसताना आंबवण्याच्या मार्गाला साखर जास्तच लागते. म्हणून बोंडांनी लगडलेले झाड आधी पडते आणि त्याच ओळीतले, शेजारचे, कमी बोंडांचे झाड ताठ राहते. शेतकऱ्यांना हे फार चक्रावून टाकते. “एकाला रोग, दुसऱ्याला नाही, असं कसं?” या शेतातही माना टाकलेल्यांत अंगापिंडाने सर्वात भरलेली झाडे जास्त होती. बीटी कपाशीला यासाठी दोष देणारे पुष्कळ भेटतात. पण बीटी येण्याआधीच्या संकरित वाणांतही आकस्मिक मर दिसत होती. बोंडअळीपासून वाचलेली बोंडे एकाच वेळी जास्त संख्येने पोसली जातात, एवढाच काय तो संबंध.

उपाय करताना पहिले काम पाणी काढण्याचे होते, आणि त्याला कुठल्याही औषधाचा पर्याय नाही. उताराच्या दिशेने, तासांना छेद देत, कुदळीने चर काढला आणि बांध एका जागी फोडला. संध्याकाळपर्यंत उभे पाणी गेले.

मराठवाड्यात अशा वेळी दोन आळवण्या सुचवल्या जातात. एक, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक. दुसरी, २०० लिटर पाण्यात १ किलो १३:००:४५ हे विद्राव्य खत, २ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड आणि २५० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. दोन्हींत झाडामागे साधारण १०० मिलिलिटर द्रावण बुडाशी घालून माती पायाने दाबायची. यांतल्या कोबाल्टचे काम समजून घेण्यासारखे आहे. बुडालेल्या मुळात एसीसी नावाचे संयुग तयार होऊन पाण्याबरोबर वर जाते. मुळात त्याचे इथिलीन होऊ शकत नाही, कारण त्या शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो. पानात प्राणवायू भरपूर, तिथे ते होते. इथिलीनने देठ खाली वळतात, पाने पिवळी-लालसर होतात, पाते आणि कोवळी बोंडे गळतात. कोबाल्ट नेमकी ही शेवटची पायरी अडवतो. म्हणून तो पहिल्या काही तासांत दिला तरच अर्थ आहे. इथिलीन बनून गेल्यावर अडवायला काही उरत नाही. या शेतकऱ्याला कोबाल्ट क्लोराइड तालुक्याच्या बाजारात मिळाले नाही, तेव्हा पहिलीच आळवणी केली, तीही चर काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी, फक्त बाधित झाडांना.

युरिया आणि पोटॅशची बाजू मला पटते. साचलेल्या पाण्यात नत्र वाहून जाते किंवा वायू होऊन उडते, आणि सावरणाऱ्या झाडाला नवी पाने फोडायला ते लागते. कॉपर ऑक्सिक्लोराइडबद्दल मात्र सांगितले पाहिजे की पहिल्या दिवशी इथे बुरशी नसते. दुखावलेल्या मुळावर ती पुढे बसू नये एवढाच त्याचा उपयोग. पाणी उभे असताना केलेली आळवणी म्हणजे भरलेल्या जमिनीत आणखी पाणी ओतणे, हे मी प्रत्येकाला निक्षून सांगतो. लोक फोनवर “कोणतं औषध” हे आधी विचारतात, “चर कुठून काढू” हे क्वचित. दुकानातून आणलेल्या महागड्या टॉनिकच्या बाटल्या या शेतातही बांधावर होत्या. त्यांतली एकही मुळाला हवा देणारी नव्हती.

मुद्दाम दोन तासे आळवणीविना ठेवली होती. वरच्या बाजूला, जिथे पाणी फार साचले नव्हते, तिथली झाडे आळवणी केलेली असोत वा नसोत, चर काढल्यावर आणि पुढच्या दिवशी थोडे आभाळ आल्यावर सावरली. आठवड्यानंतर आळवणी केलेल्यांची नवी पालवी गडद होती, हा फरक डोळ्यांना दिसत होता. मधल्या पट्ट्यात बरीच झाडे वाचली, पण पाते आणि कोवळी बोंडे गळून गेली. त्यांनी नंतर नवी फूट केली, तिचा कापूस उशिरा आणि कमी आला. बांधालगतची, सर्वात आधी माना टाकलेली झाडे गेली. त्यांची पाने तांबूस होऊन वाळली, बोंडे अवेळी उमलली आणि आतला कापूस कच्चा, आखूड निघाला. या झाडांत ताण इतका वाढला असावा की नळ्यांतले पाण्याचे धागे तुटून त्यांत हवा शिरली. तसे झाले की मुळाचे दार पुन्हा उघडूनही उपयोग होत नाही. एका शेतावरून आळवणीचे माप काढता येणार नाही. पण पाणी किती लवकर निघाले यावर सगळ्यात जास्त अवलंबून होते, हे त्या उतारावर पावलापावलाने दिसत होते.

हाच प्रकार पावसाशिवायही घडतो. लांबलेल्या खंडानंतर शेतकरी पाटाने तुडुंब पाणी देतात, तेही भर उन्हात, आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार येते. अशा वेळी एक आड एक सरीतून, हलके पाणी, संध्याकाळी द्यावे, म्हणजे अर्ध्या मुळांना तरी हवा मिळत राहते. ठिबक असेल तर प्रश्न बराच सुटतो.

पुढच्या हंगामासाठी शेतकऱ्याने रुंद वरंबा-सरी पद्धतीने लागवड करायचे ठरवले, म्हणजे मुळांचा वरचा थर पाण्याच्या पातळीच्या वर राहील. कायमचा चर मात्र अडला. शेताचा उतार ज्या कोपऱ्यात संपतो त्याच्या पलीकडे चुलतभावाचे सोयाबीन आहे, आणि पाणी ओढ्याला न्यायचे तर चर त्याच्या बांधावरून जाणार. उन्हाळ्यात दोघांना समोरासमोर बसवून बोलणे झाले. दोन्ही शेतांच्या हद्दीवरून एकच चर काढायचा, खर्च निम्मा-निम्मा, असे ठरले, आणि मृगाआधी तो पूर्ण झाला.